चांदी तिजोरीत, कलई दस्तरखानावर

लग्नसराई जवळ आली की इतवारीच्या सराफा ओळीत जशी गर्दी वाढते, तशाच घराघरांतील जुन्या पेट्याही उघडल्या जातात. आजीच्या वेळचे पानदान, खासदान, गुलाबपाश, अत्तरदान, चार-सहा पेले, एखादे तबक, चमचे असे काही ना काही बाहेर निघते. आमच्या नागपुरात मोमीनपुरा, इतवारीकडची जुनी घरे वाटण्या होऊन सुटली आणि पुढची पिढी मनीषनगर, बेसा अशा नव्या वस्त्यांतील फ्लॅटमध्ये राहायला आली. फ्लॅटमध्ये पेटीला जागा नसते, काचेच्या शोकेसला मात्र असते. म्हणून पेटीतली चांदी शोकेसमध्ये आली, आणि मेहमान आले की ती शोकेसमधून जेवणाच्या टेबलावर येऊ लागली. ज्यांच्या घरात वाडवडिलांची चांदी नाही ते ती बाजारातून शोधून जमवू लागले आहेत. जुन्या चांदीत पाहुण्याला जेवू घालणे हा खानदानीपणाचा दाखला होऊ पाहत आहे.

हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण असे की यात रक्कम गुंतलेली आहे, जकात गुंतलेली आहे, सरकारी कायदा आहे आणि कारागिराची रोजीही आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे. चांदी घरात असू द्या, तिचा हिशेब ठेवा, विकायची तर चोख विका. पण ती पाहुण्याच्या पुढे मांडू नका. पाहुण्याच्या पुढे कलई केलेले तांबे-पितळ असावे. त्यात दीनही सांभाळला जातो आणि आपल्या कारागिराची चूलही पेटते.

राजेरजवाड्यांचा थाट

चांदीच्या भांड्यांत मेजवानी हा मूळचा दरबारी थाट. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावरून चांदीची छोटी आगगाडी फिरते आणि पाहुण्यांपुढे पेये व चिरूट आणून उभी करते, ही गोष्ट तेथे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. पतियाळाच्या महाराजांनी १९२२ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी सुमारे १,४०० नगांचा, सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा जेवणाचा संच करवून घेतला होता. तो २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात १९ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. ज्या देशाच्या युवराजासाठी संच केला, त्याच देशात तो हातोड्याखाली आला!

आपल्या नागपूरचेच उदाहरण घ्या. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. मग राजवाड्यातील हत्ती, घोडे, सामानसुमान विक्रीला निघाले आणि जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेली दौलत बोली बोलणाऱ्यांच्या हाती गेली. थाटासाठी जमविलेल्या वस्तूचे असेच होते. ज्या दिवशी थाट करणारा जातो, त्या दिवसापासून ती वस्तू केवळ वजन होते.

दीनचा हुकूम

आता मुख्य मुद्दा. सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाणे-पिणे मुसलमान पुरुषाला मना आहे आणि बाईलाही मना आहे. दागिन्यांच्या बाबतीत बायकांना जी सवलत आहे ती भांड्यांच्या बाबतीत नाही. पुष्कळ घरांत हाच घोटाळा होतो. ‘बायकांना चांदी चालते’ एवढे ऐकून चांदीची वाटी-चमचाही चालतो, असे समजले जाते. अकीक्याच्या वेळी बाळाला चांदीची वाटी आणि चमचा भेट देण्याची रीत आहे. देणारा प्रेमाने देतो, पण त्या चमच्याने बाळाला भरविणे दुरुस्त नाही.

या बाबतीत हजरत हुजैफा (रजि.) यांचा किस्सा बुखारी शरीफ आणि मुस्लिम शरीफ या दोन्ही ठिकाणी आलेला आहे, आणि तो नेमका मेहमाननवाजीचाच आहे. ते मदाइनला होते. त्यांनी पाणी मागितले. तेथल्या एका सरदाराने त्यांची इज्जत म्हणून चांदीच्या पेल्यात पाणी आणले. हजरत हुजैफांनी तो पेला फेकून दिला आणि हजर लोकांना सांगितले की या माणसाला मी आधीही मना केले होते. मग त्यांनी अल्लाहच्या रसूलांचा (स.) हुकूम ऐकविला की रेशीम नेसू नका, सोन्या-चांदीच्या भांड्यांत पिऊ नका आणि त्यांच्या ताटांत खाऊ नका. म्हणजे यजमानाने ज्याला मान समजले, त्याच गोष्टीने पाहुण्याची अडचण झाली.

याच हदीसमध्ये रेशमाचाही उल्लेख आहे, हे आम्हा कापडवाल्यांनी विसरता कामा नये. आम्ही रेशीम विकतो, कारण ते बायकांना जायज आहे. पण खरे रेशीम पुरुषाच्या शेरवानीसाठी मागितले तर सांगणे आमचे काम आहे. सराफानेही तसेच सांगावे. पैंजण, बांगडी, हार जरूर विकावा. मुसलमान गिऱ्हाईक पेला मागू लागले तर दोन शब्द सांगावेत. त्याने गिऱ्हाईक तुटत नाही, भरवसा वाढतो.

कोणी म्हणेल, ताटाचे समजले, पण पानदान आणि गुलाबपाश यांत कोण जेवतो? मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ पुष्कळ घरांत मुलींना जहेजमध्ये दिले जाते. त्यात हा मसला स्पष्ट आहे. चांदीच्या गुलाबपाशाने गुलाबपाणी शिंपडणे, चांदीच्या अत्तरदानातून अत्तर लावणे, चांदीच्या सुरमेदानीतून सुरमा घालणे, चांदीच्या खासदानात पान ठेवणे, हे सारे वापरातच धरले आहे. निकाहच्या मजलिसीत चांदीचा गुलाबपाश फिरविणाऱ्यांनी एकदा हे पान उघडून पाहावे. नुसते शोभेसाठी घरात ठेवण्याबद्दल मजहबांत मतभेद आहेत. कोकणातले बहुसंख्य बांधव शाफई आहेत आणि शाफई मत याबाबतीत अधिक कडक आहे. तेव्हा ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

व्यापारात आणखी एक प्रसंग येतो. दिवाळीला हिंदू व्यापारी मित्र चांदीची वाटी, पेला भेट पाठवितात. भेट प्रेमाने घ्यावी, तोंड वाकडे करू नये. ती वस्तू विकता येते, मुलीच्या पैंजणांना लावता येते. त्यांच्या घरी जेवायला गेल्यावर पुढे चांदीचे ताट आले तर हळूच सांगावे की ‘भाऊ, मला स्टीलचे ताट द्या, आमच्यात असे आहे’. आपल्या सणावारी चांदीचे ताट काढणे ही त्यांची रीत आहे, तिचा आपण आदर करतो. सांगितल्यावर तेही आपल्या रीतीचा आदर करतात.

चांदी कोणती आणि चांदीसारखी कोणती

यात दोन गोष्टींची मोकळीक आहे आणि व्यापाऱ्याने ती नीट समजून घ्यावी. एक म्हणजे मुलामा. तांब्या-पितळेवर चांदीचे पाणी इतके पातळ चढविलेले असेल की ते वेगळे काढता येत नाही, तर हनफी मताप्रमाणे ते भांडे चांदीचे धरले जात नाही. दुसरी म्हणजे जडाव किंवा सांधा. हुजूरांचा (स.) एक प्याला फुटला तेव्हा फुटलेली जागा चांदीने सांधली होती, असे हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत आहे. त्यावरून इमाम अबू हनिफा यांच्या मते ज्या भांड्यात जागोजागी चांदी बसविलेली आहे ते, चांदीच्या जागी तोंड न लावता, वापरता येते.

बाजारात मात्र नावांचा मोठा गोंधळ आहे. जर्मन सिल्व्हर म्हणून जे मिळते त्यात चांदी अजिबात नसते. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. त्याच धातूवर विजेने चांदीचा मुलामा दिला की ‘ई.पी.एन.एस.’ असा ठसा मारतात. हा मुलाम्याचा धंदा इंग्लंडमध्ये १८४० च्या सुमारास सुरू झाला आणि साहेब लोकांबरोबर तो माल इथल्या बंगल्यांत, क्लबांत येऊन पडला. आज ‘अस्सल इंग्रजी चांदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात हे चमचे-काटेही खपविले जातात. खऱ्या इंग्रजी स्टर्लिंग चांदीवर चालत्या सिंहाचा ठसा असतो आणि तिचा टंच ९२.५ असतो. आपल्या विदर्भात खामगावला ‘रजतनगरी’ म्हणतात ते तिथल्या चांदीच्या शुद्धतेमुळे. चांदीच्या मालावर सरकारी हॉलमार्कची सोय २००५ पासून आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून सोन्याप्रमाणे चांदीच्या नगावरही सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक घालण्याची सोय झाली आहे. आजीच्या वेळच्या मालावर यातले काहीच सापडत नाही. तिथे टंच काढून घेणे हाच मार्ग. शिवाय गुलाबपाशाचा तळ, मुठी, दांडे यांत लाख भरलेली असते. तिच्यासकट वजन केले तर हिशेब चुकतो.

जकातीचा हिशेब

चांदी वापरा वा न वापरा, जकात तिच्यावर आहेच. दागिने झिजतात, दिसतात, म्हणून त्यांची जकात आठवते. पेटीतले तबक आठवत नाही. हनफी हिशेबाने चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे आहे. इथे एक गफलत होते. सराफ्यात आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम. पण निसाबाचा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणून निसाब ५२५ ग्रॅम नसून ६१२.३६ ग्रॅम होतो. त्यावर साल पुरे झाले की चाळिसावा हिस्सा. दोन किलो चांदीची भांडी असतील तर दर साल ५० ग्रॅम चांदी किंवा त्या दिवसाच्या भावाने तिची किंमत. भेसळीचा माल असेल तर चांदी निम्म्याहून अधिक असली की तो चांदीतच धरतात. दुकानात विकायला ठेवलेला माल असेल, मग तो जर्मन सिल्व्हर का असेना, तो व्यापारी माल म्हणून बाजारभावाने जकातीत येतो.

२०२५ मध्ये चांदीचा भाव किलोला एक लाखाच्या खूप पुढे निघून गेला. त्यामुळे पूर्वी ज्या पेटीकडे ‘जुनी भांडी’ म्हणून दुर्लक्ष होत असे, ती आज घरातली मोठी रक्कम आहे. मागच्या सालांची जकात राहिली असेल तर तीही देणे लागते. वाटण्यांच्या वेळीही हेच. भावांनी जमीन मोजून वाटून घ्यायची आणि पेटी ‘अम्मीची आठवण’ म्हणून एकाकडे ठेवायची, यात बहिणींचा हिस्सा बुडतो. आठवण जरूर ठेवा, पण आधी वजन करा आणि वारसांचा हिस्सा द्या.

मोडीत घालण्यापूर्वी

भाव वाढल्यामुळे जुनी भांडी सरसकट मोडीत निघत आहेत. सराफ घडणावळीचे काही देत नाही, टंच आणि वजन एवढेच पाहतो. त्याचे चूक नाही, त्याला ती आटवायची असते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने ज्या पानदानावर बारीक वेलबुट्टी कोरली तो माल आणि साधी वीट यांत फरक आहे. तेव्हा नक्षीचा नग आटविण्यापूर्वी जाणकाराला दाखवावा.

दाखविताना कायदाही माहीत असावा. १९७२ चा पुरावस्तू कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू त्यात येते. अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. ‘आखाती देशात चांगली किंमत येते, बॅगेत टाकून नेऊ’ अशी सल्लामसलत देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये.

जुनी चांदी देऊन नवी घेण्याचा सौदाही सांभाळून करावा. चांदीच्या बदल्यात चांदी घ्यायची तर वजन बरोबरीचे आणि देणे-घेणे हातोहात हवे. वजनात कमी-जास्त केले तर ते सूदमध्ये जाते. यातून वाटही हदीसनेच दाखविली आहे. खैबरच्या खजुरांच्या मामल्यात हुजूरांनी (स.) फर्माविले की हलके खजूर आधी रोखीने विका, मग त्या रकमेतून चांगले खजूर घ्या. आपणही तेच करावे. जुना माल विकून पावती घ्यावी, पैसे हातात घ्यावेत, मग नवा दागिना खरेदी करावा. दोन पावत्या झाल्या म्हणून कोणाचे नुकसान होत नाही, उलट वहीही साफ राहते.

ठेवायचीच असेल तर नीट ठेवा. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. लोकरीच्या कापडात आणि रबरातही गंधक असतो, म्हणून लोकरीच्या तुकड्यात गुंडाळणे किंवा रबर बँड लावणे टाळावे. धुतलेली मऊ सुती मलमल सर्वांत चांगली. रांगोळीने खसाखसा घासू नये, नक्षी उतरते.

पाहुण्याच्या पुढे काय ठेवावे

पाहुण्याची इज्जत करणे हा ईमानवाल्याचा गुण आहे आणि दस्तरखान साधा असला म्हणजे तो कळकट असावा, असे कोठेही म्हटलेले नाही. हजरत इब्राहिम (अलै.) यांनी अनोळखी मेहमानांसाठी भाजलेले वासरू आणल्याचे कुरआनात आले आहे. तिथे भांड्याची तारीफ नाही. मेहमानांना न सांगता, न जाणवू देता चांगले खाणे पुढे ठेवले, हे सांगितले आहे.

आपल्याकडे चांदीच्या तोडीची पांढरीशुभ्र चमक देणारी चीज आहे, ती म्हणजे कलई. भांडे स्वच्छ करून भट्टीवर तापवायचे, भात्याने वारा द्यायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्याने सफाईने पसरवायचे. कथील २३२ अंशांनाच वितळते, म्हणून हात चपळ लागतो. कलई नसलेल्या तांब्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो बाधतो. कलई असली की त्याच देगेत पुलाव करा, कोर्मा करा. एवढे मात्र पाहावे की कथील शुद्ध असावे. स्वस्तात शिसे मिसळून केलेली कलई जहर आहे. एके काळी नागपूरच्या गल्लीबोळांतून ‘कलईऽऽ’ अशी हाक यायची. आता कलईवाला शोधत फिरावे लागते. काम मिळाले नाही तर मुलगा बापाचा भाता का धरील?

आपल्यापासून साठेक किलोमीटरवर भंडारा आहे. पितळेच्या भांड्यांसाठी त्याचे नाव देशभर होते. मुरादाबादच्या पितळी कामात तर हजारो मुसलमान कारागिरांची रोजी आहे. पान-अत्तराच्या थाटासाठी बिदरी आहे. जस्त आणि थोडे तांबे यांचा घाट, त्यात चांदीची तार ठोकून बसवायची आणि बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांनी तो काळा करायचा. चांदी तेवढी उजळ राहते. छत्रपती संभाजीनगरातही (पूर्वीचे औरंगाबाद) हे काम होत आले आहे. जुन्या दख्खनी घरांतली बिदरीची पानदाने पाहिली की वाटते, भांडे चांदीचे न करताही चांदीची शान आणता येते, हे या कारागिरांनी केव्हाच दाखवून ठेवले आहे. बिदरीत जेवण मात्र वाढू नये, जस्ताला आंबट सोसत नाही.

खाली हातमागाचा सुती दस्तरखान हवा. मी कापडवाला आहे म्हणून दस्तरखानाची वकिली करतो, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर चांदीचे तबक ठेवणाऱ्यापेक्षा, कामठीच्या मागावरचे कापड अंथरून त्यावर कलईची रकाबी ठेवणारा मला अधिक शौकीन वाटतो.

यावर दोन हरकती निघतात. एक अशी की तांब्या-पितळेची निगा कोण राखणार, स्टील सोपे आहे. खरे आहे. रोजच्या जेवणाला स्टील वापरा, चिनी मातीची भांडी वापरा. पण जे लोक चांदी पुसायला वेळ काढतात त्यांना कलई करून घ्यायला वेळ नाही, हे पटत नाही. दुसरी हरकत अशी की चांदी ही गुंतवणूक आहे. मग ती गुंतवणूकच असू द्या. गुंतवणूक तिजोरीत ठेवतात, तिच्यात खीर वाढत नाहीत. आणि तिची जकात देतात.

रमजानपूर्वी प्रत्येक घराने एक काम करावे. पेटी उघडावी, प्रत्येक नगाचा टंच आणि वजन वहीत लिहावे, जकात काढावी आणि वारसांचा हिस्सा ठरवावा. मग त्या जकातीचा थोडा भाग एखाद्या गरजू कलईवाल्याला नवा भाता घेण्यासाठी द्यावा आणि आपल्या घरची देगही त्याच्याकडेच टाकावी. जकात त्याला एकदा मिळेल, पण काम दर साल मिळत राहील. ईदला त्या देगेतला शीरखुर्मा पाहुण्याला वाढाल तेव्हा त्याला नाही म्हणण्याची वेळ येणार नाही.

(लेखक मनीषनगर, नागपूर येथे राहणारे कापड व्यापारी आहेत.)